जस्ताची परटीण

१

पेटी होती, नानोन नव्हती.

झाकण एकाच बिजागरीवर लोंबत होतं. आतल्या निळ्या मखमलीवर नानोनच्या अंगाचा खळगा तेवढा उरला होता. डोईवरची टोपली, कमरेचा बाक, घोट्यापर्यंतचा घेरदार झगा, सगळे आकार जागच्या जागी होते. एल्वीरनं त्या खळग्यावरून हात फिरवला, रिकाम्या पाळण्यातल्या दुपट्यावरून फिरवावा तसा, आणि पेटी तशीच उचलून ती अंगणात आली.

"पापा," ती म्हणाली, "नानोन कुठंय?"

तिचा बाप, लेओंस फाब्रेगा, चिनाराखाली बसून दिव्याची काच पुसत होता. त्यानं मान वर केली नाही. "पेटीत. दुपारी प्रयोग संपल्यावर मीच ठेवली."

"पेटी ही बघा."

काच पुसणारा हात थांबला. मग लेओंस हळूच म्हणाला, "मग नेली कुणीतरी."

शेजारच्या टेबलावर पुदिन्याचं सरबत पीत बसलेल्या ओनोरीन वाब्रनं पेला खाली ठेवला. अडुसष्ट वर्षांची, बुटकी, रुंद टोपीची बाई. लिओंच्या रेल्वे स्टेशनात हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर तिनं एकतीस वर्षं काढली होती. आता निवृत्त होऊन दर जुलैत दहा दिवस ती आविन्योंच्या उत्सवाला यायची, दिवसाला चार नाटकं बघायची, आणि त्यांतलं एक तरी रंगाऱ्यांच्या गल्लीतल्या या 'छोटी विहीर' नाट्यगृहात फाब्रेगा बापलेकीचं असायचं. नानोनला तिनं तेवीस उन्हाळे पाहिलं होतं. आज सकाळीही पाहिलं होतं.

नानोन म्हणजे छायाखेळातली परटीण. लेओंसचा बाप घरांची छपरं घालायचा. एका चर्चच्या छपरातून उरलेल्या जस्ताच्या पत्र्यातून त्यानं ती कापली होती, आणि तिच्या झग्यावर दाभणानं दोनशे बारीक भोकं पाडली होती. मागं दिवा धरला की पडद्यावर तो झगा ओल्या चांदण्यासारखा चमकायचा आणि एल्वीर गायची:

*धुते धुते नानोन बाई चांदण्याचा शेला,*
*पिळता पिळता हातातून उजेड वाहून गेला.*

"उद्या सकाळी मादाम केर्ब्रा येणार आहेत," एल्वीर म्हणाली. सांगितलं ते ओनोरीनला, पण बोलली ती पेटीशीच. "उद्या. अकराला."

ते सांगायची गरज नव्हती. गावात हजारावर प्रयोग चाललेले, आणि प्रत्येक मंडळी तासाभरासाठी कुठलीतरी खोली घेऊन एकाच आशेवर खेळत असते, की निवड करणारं कुणीतरी येऊन बसेल. मादाम केर्ब्रा उत्तरेकडच्या चौदा नाट्यगृहांसाठी नाटकं निवडायच्या. त्यांनी होकार दिला तर फाब्रेगांचा हिवाळा भरणार होता. नाही दिला तर एल्वीरच्या पिशवीत मोंतेलिमारहून आलेलं जाड कागदाचं एक पत्र होतं. वर चष्म्याचं चित्र, खाली चुलतभावाची सही, आणि मधे लिहिलेलं की एक सप्टेंबरपासून दुकानात ये, शुक्रवारपर्यंत कळव.

दोन उन्हाळे रिकामे गेले होते. तिसरा रिकामा गेला तर हो म्हणायचं, असं तिनं बापाला सांगून ठेवलं होतं.

"पोलिसांना बोलवू?" आतून योलांदनं विचारलं. नाट्यगृहाच्या किल्ल्या, दिवे आणि वेळा सांभाळणारी ही मार्सेयची बाई.

"बोलवा की," ओनोरीन म्हणाली. "ते उद्या दुपारी येतील." ती उठली, टोपी नीट केली. "एकतीस वर्षांत माझ्या खिडकीशी हजारो माणसं चोरी झाली म्हणून रडत आली. खरे चोर मी सहाच पाहिले. दाखव ती पेटी."

तिनं पेटी पाहिली आणि भुवई उंचावली. नानोनला नाचवायच्या दोन्ही दांड्या आत तशाच होत्या.

२

ओनोरीनची एक रीत होती. वस्तू शेवटची कुठं पाहिलीत असं ती कधीच विचारायची नाही. त्याचं उत्तर लोक मनानं बनवतात. ती विचारायची, त्या वेळी तुमच्या हातात काय होतं? हातांना खोटं बोलायची सवय नसते.

पहिली योलांद. बोलायला तिला आग्रह लागला नाही. अकराचा प्रयोग पाच कमी बाराला संपला. सव्वाबाराला गास्पार तेवनँचा. मधल्या वीस मिनिटांत एकांचं सामान बाहेर, दुसऱ्यांचं आत. सगळे त्या अरुंद बोळातून एकमेकांना कोपरं मारत जातात, त्यात मिस्त्रालचा वारा सुटलेला, दारं आपटतायत, कुणाकडे बघायला वेळ आहे कुणाला.

"आणि तुझ्या हातात?"

"किल्ल्या. आणि खरबुजं." योलांदचा चेहरा तापला. "कावायोंहून माझ्या भावानं खोकं भरून खरबुजं पाठवलेली. कुणा मेल्यानं खोक्याच्या दोन्ही बाजू कापून नेल्या. खरबुजं बोळभर. एकेक उचलून मोरीत नेऊन ठेवली."

ओनोरीननं मोरीत डोकावलं. आठ पिवळी खरबुजं अंघोळीला बसल्यासारखी बसली होती. शेजारी विजेच्या पेटीवर कॉफीची एक बशी होती आणि बशीत चार छोटे पितळी स्क्रू.

"हे कुणाचे?"

"माहीत नाही. इथं काय कुणाचं ते जुलै संपल्यावर कळतं."

"पुठ्ठ्याला एवढी मारामारी?"

"काल रात्रीपासून वारा सुटलाय, मादाम. निम्म्या गावाची पोस्टरं फाटली. आज सकाळपासून जो तो पुठ्ठा आणि सुतळी शोधत फिरतोय. बोळाच्या टोकाला मी रद्दी पुठ्ठ्यांचा ढीग ठेवते, ज्याला हवं त्यानं न्यावं. उरलेलं तीन वाजता गाडी उचलून नेते."

"आज नेलं?"

"झाडून."

ओनोरीननं बशीतले स्क्रू मोजले, एक उचलून त्याची खाच पाहिली आणि चारही खिशात टाकले. खाच जराही ओरबाडलेली नव्हती.

"दुपारी बोळात आणखी कोण होतं?"

योलांद घुटमळली. किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात गेला. "गास्पार होता. त्याचा प्रयोगच होता. आणि तो उस्त्रिक, जुन्या वस्तूंचा दुकानदार. नानोन विकत मागतोय तीन वर्षं. रोज तिसऱ्या रांगेत बसतो."

"हातात?"

"काखेत काहीतरी होतं," योलांद जमिनीकडे बघत म्हणाली. "चपटं. तपकिरी कागदात गुंडाळलेलं."

३

पण आधी गास्पार, कारण तो जवळ होता आणि धमकी त्यानंच दिली होती. शुक्रवारी फाब्रेगांचा प्रयोग चार मिनिटं लांबला, तेव्हा सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं तो म्हणाला होता की एक दिवस तुमची ती पत्र्याची बाई कालव्यात टाकतो.

कालव्याकाठच्या कॅफेत तो पाव आणि ऑलिव्हची चटणी खात बसला होता. उंच, देखणा, आवाज असा की कुजबुजला तरी शेवटच्या रांगेत पोचेल. दीपगृहाच्या रखवालदाराचं स्वगत तो एकटाच करायचा. लेखक तोच, नट तोच, पोस्टरं चिकटवणारा आणि टांगणाराही तोच.

"म्हणजे मी चोर," तो म्हणाला. "बसा मादाम. फाशी जेवणानंतर द्या."

ओनोरीन बसली. गल्लीभर पोस्टरांची फडफड चालली होती. या गावात डिंकानं भिंतीला चिकटवायची बंदी. कागद पुठ्ठ्यावर चिकटवायचा, पुठ्ठ्याला पेन्सिलीनं दोन भोकं पाडायची, सुतळी ओवायची, आणि खांब, गज, पन्हळ जे दिसेल त्याला बांधायचं. मिस्त्राल सुटला की झाडावरचे किरकिरे किडेसुद्धा गप्प होतात, पण पोस्टरं कोंबड्यांच्या खुराड्यासारखी कलकलाट करतात.

ती मुकाट ऐकते आहे हे पाहून गास्पार सांगू लागला. शुक्रवारी रागानं बोललो, शनिवारी माफी मागितली, लेओंसनं खांद्यावर हात ठेवला, विषय संपला. आईशपथ सांगतो, आज नानोनला पडद्यावरसुद्धा पाहिलेलं नाही, हात लावायची गोष्ट दूर. ओनोरीननं त्याचे डोळे पाहिले. शपथ खरी होती. तिच्या खिडकीशी खोट्या शपथांचा ढीग पडलेला असायचा, त्यामुळे खरी लगेच ओळखू यायची.

"दुपारी प्रयोग संपल्यावर तुझ्या हातात काय होतं?"

"पोस्टरं. माझ्या हातात दुसरं काय असतं? फाटलेली बारा पुन्हा लावली. हा अंगठा बघा." अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, नख काळंनिळं. "हातोडी बसली. पण काम चोख. मान वर करा जरा."

तिनं मान वर केली. त्यांच्याच डोक्यावर, दिव्याच्या खांबाला, गास्पारचा चेहरा आ वासून टांगलेला होता.

"बांधणी म्हणतात याला," गास्पार म्हणाला. "बाकीच्यांची बघा कशी तडफडतायत. माझं हलतंय का?"

नव्हतं हलत. ओनोरीननं मान डोलावली, त्याच्या पावाचा एक तुकडा न विचारता उचलला आणि खात खात उठली. चार पावलं गेल्यावर थांबली. काहीतरी सलत होतं, चपलेत खडा शिरावा तसं, पण पाय झाडून पाहिलं तर खडा सापडेना.

आणि समोरून, तपकिरी कागदातलं चपटं गाठोडं छातीशी धरून, उस्त्रिक येत होता.

४

तिला पाहताच त्यानं गाठोडं पाठीमागं घेतलं. साठीचा माणूस, पण अगदी शाळेतल्या पोरासारखं.

"उघडा, मस्ये उस्त्रिक," ओनोरीन म्हणाली. "रस्त्यात उभं राहून उघडलंत तर लोक जमतील. इथं कठड्याशी या."

कालव्याच्या कठड्यापाशी त्यानं सुतळी सोडली. आत नानोन नव्हती. आत जुनी पोस्टरं होती, सहा, कडा कुरतडलेली. सगळ्यांत वर नानोनचं चित्र, खाली चाळीस वर्षांपूर्वीची तारीख आणि लेओंसच्या बापाचं नाव.

योलांदनं माळा साफ करताना ती काढली होती आणि त्याला गुपचूप विकली होती. मालकाला सांगायचं राहिलं होतं. म्हणून ती जमिनीकडे बघत होती तर.

"मी नानोन मागतो हे खरं," उस्त्रिक म्हणाला. "नेहमी मागत राहीन. पण योलांदनं मला सांगितलं की दांड्या पेटीतच आहेत. दांड्यांशिवाय ती घेऊन मी काय करू? भिंतीला लावू? ती भिंतीवरची बाई नाही. हललीच नाही तर ती नानोन कसली?"

ओनोरीननं एकदम त्याच्याकडे पाहिलं. "पुन्हा म्हणा."

"काय?"

"जाऊ दे. दुपारी आणखी काय पाहिलंत?"

उस्त्रिकनं पोस्टरं पुन्हा गुंडाळली. सांगू की नको असं त्याच्या बोटांचं चाललं होतं. "मला चुगली करायची नाही. पण साडेबाराला, गास्पारचा प्रयोग आत चालू असताना, लेओंस बोळात खाली बसला होता. पेटी मांडीवर. आणि हातात," तो थांबला, "हातात स्क्रूड्रायव्हर होता."

५

लेओंस पाणचक्कीपाशी सापडला. गल्लीच्या कडेनं वाहणाऱ्या कालव्यात ती शेवाळलेली जुनी चाकं अजून फिरतात, कुणासाठी काही दळत नाहीत, नुसती फिरतात. उन्हं कलली होती आणि प्रत्येक फळीवरून निथळणारं पाणी तांबूस दिसत होतं.

ओनोरीन त्याच्या शेजारी बसली आणि खिशातून चारही स्क्रू काढून कठड्यावर ओळीनं ठेवले.

"चोर घाईत बिजागरी उपटतो," ती म्हणाली. "बशीत स्क्रू जपून ठेवत नाही. आणि खरबुजाच्या खोक्याच्या बाजू चोर कापत नाही. त्या कापतो तो, ज्याला काहीतरी नाजूक, चपटं, नीट गुंडाळायचं असतं."

लेओंसनं दोन्ही हात पुढं धरले. ते थरथरत होते, वाऱ्यातल्या पानासारखे, आणि तो ते थांबवायचा प्रयत्न करत नव्हता.

"बिजागरी सैल झाली होती," तो म्हणाला. "भोकं मोठी झालीत, स्क्रू धरत नाहीत. म्हटलं नीट करावी. नानोनला बाहेर काढली, दोन पुठ्ठ्यांमध्ये घातली, सुतळीनं बांधली. नवजात पोरासारखी बांधली, ओनोरीन. भिंतीला टेकवली. हात ऐकेनात, म्हणून स्क्रू बशीत ठेवले आणि बसलो जरा. आणि मग," त्यानं कपाळावर बोट ठेवलं, "मग इथं काही नाही. पांढरा पडदा. चार वाजता चिनाराखाली होतो. तिची आठवण आली तेव्हा ढीग गेला होता."

"ढिगाशेजारी टेकवली होतीत?"

"ढिगालाच. मीच तिला कचऱ्याच्या गाडीत घातली. माझ्या बापानं उन्हात छपरावर बसून केलेली पोर." त्यानं दोन्ही हात मागं घेतले. "चोरी झाली म्हटल्यावर एल्वीर चोरावर रागावेल. मी विसरलो म्हटलं तर ती रागावणार नाही. ती उद्याच दुकानात जाईल, आणि मलाही बरोबर नेईल, सांभाळायला."

चाक फिरत राहिलं. चपलेतला खडा ओनोरीनला एकाएकी सापडला. काळंनिळं नख. हातोडी. पुठ्ठ्याला भोक पाडायला अख्खं गाव पेन्सिल वापरतं.

ती इतक्या झटक्यात उठली की टोपी पाण्यात पडता पडता राहिली.

"लेओंस, नानोन गाडीत गेली नाही. मला वाटतं, ती कुठं आहे ते मला कळलंय. पण तिथं जायच्या आधी तुम्ही एल्वीरला हे सगळं सांगा. आत्ता. सापडल्यावर सांगणं सोपं असतं, आणि पोरीला तो फरक कळतो."

तो उठला. अंगणापर्यंत दोनशे पावलं असतील, त्याला बराच वेळ लागला. ओनोरीन दारातच थांबली. तिला शब्द ऐकू आले नाहीत, फक्त दिसलं. बाप उभ्या उभ्या बोलत होता, लेक पेटी मांडीवर घेऊन ऐकत होती. मग लेकीनं पेटी बाजूला ठेवली आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले, ते थरथरायचे थांबेपर्यंत.

नंतर सगळे मिळून कॅफेकडे निघाले. योलांदही आली, आणि मागून उस्त्रिक.

खांबावर गास्पारचा चेहरा नव्हता.

तिथं एका सर्कशीचा पिवळाजर्द विदूषक दात काढून हसत होता.

६

"माझ्यावर टांगलं," गास्पार अजून तिथंच बसला होता, तो उठून म्हणाला. "अर्ध्या तासापूर्वी. माझ्या चेहऱ्यावर विदूषक. या गावाला रीत म्हणून राहिलेली नाही."

"खाली आहेस ना पण?"

"खाली आहे. कसा दिसणार?"

ओनोरीननं छत्री उंचावून टोकानं विदूषकाला ढोसलं. तो फडफडला. मागचं ढोसलं. ते जड पाटीसारखं खांबावर एकदाच टक्कन आपटलं आणि पुन्हा गप्प झालं.

"गास्पार," ती म्हणाली, "हे पोस्टर बांधलंस तो पुठ्ठा कुठून आणलास?"

"बोळातल्या ढिगातून. सगळे घेतात. आयता दुपदरी मिळाला, सुतळीसकट. म्हटलं कुणाची तरी कृपा. वजनदार होता, वाऱ्याला बरा."

"आणि भोकं?"

"पहिलं पेन्सिलीनं लोण्यासारखं पडलं. दुसऱ्याला पेन्सिल मोडली. दाभण लावलं, हातोडी आणली, अंगठा फुटला. म्हटलं, काय मजबूत पुठ्ठा बनवतात हल्ली खरबुजवाले—"

तो बोलता बोलता थांबला. त्याचा तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. त्यानं वर आपल्याच चेहऱ्याकडे पाहिलं, मग लेओंसकडे, आणि खुर्चीवर चढला.

"सगळे खरं बोलत होते," ओनोरीन खालून सांगत होती. "म्हणून तर अडलं. गास्पारनं नानोनला पाहिलं नाही, खरं. उस्त्रिकला दांड्यांशिवाय ती नकोच होती, खरं. योलांदनं कुणाला काही चोरून नेताना पाहिलं नाही, तेही खरं, कारण जुलै महिन्यात या गावात पुठ्ठा घेऊन जाणाऱ्या माणसाकडे कोण बघतं? माझ्या खिडकीशी रोज कुणीतरी दुसऱ्याची काळी छत्री आपली म्हणून नेलेली असायची. ते चोर नसतात. त्यांना छत्री हवी असते, एवढंच. आणि आज ज्याला त्याला पुठ्ठा हवा होता. मला आधीच कळायला हवं होतं. एवढ्या वाऱ्यात जे हलत नाही, त्याच्या पोटात काहीतरी जड असतं. मी त्याच्याखाली बसून पाव खाल्ला."

"माझा पाव," वरून गास्पार क्षीणपणे म्हणाला.

त्यानं गाठी सोडल्या. दोन्ही हातांवर आडवं धरून, पेटलेल्या मेणबत्त्यांचं ताट आणावं तसं, ते खाली आणलं. एल्वीरनं कडा उसवल्या. कावायोंच्या खरबुजांच्या चित्राखाली, डोकं खाली आणि झगा वर अशी, नानोन निजली होती.

टोपली शाबूत. कमर शाबूत. झग्याच्या घेरावर मात्र, दोनशे बारीक भोकांच्या वर एका बाजूला, नवं भोक पडलं होतं. मोठं, वाटाण्याएवढं, कडा फाटलेल्या.

गास्पारनं चेहरा हातांत झाकला.

लेओंसनं बोटानं ते भोक चाचपलं. "बाबा असते तर ओरडले असते," तो म्हणाला. "आणि मग दिव्यासमोर धरून पाहिलं असतं."

७

सकाळी वारा पडला. अकराला पाच मिनिटं असताना मादाम केर्ब्रा आल्या. करड्या केसांच्या, सुती झोळी, चेहऱ्यावर काही नाही. तिसऱ्या रांगेत उस्त्रिकच्या शेजारी बसल्या. ओनोरीन मागच्या रांगेत होती. दारापाशी गास्पार उभा होता. आपला सव्वाबाराचा प्रयोग चार काय, चौदा मिनिटं उशिरा लागला तरी चालेल, असं तो योलांदला दोनदा सांगून आला होता.

अंधार झाला. पडद्यावर नदी आली. आणि ओनोरीनला तेवीस वर्षांत पहिल्यांदा वेगळं काही जाणवलं. नानोनची चाल बदलली होती. लेओंसची नानोन दमलेली असायची. ही पाण्याला घाबरत नव्हती. म्हणजे दांड्या एल्वीरच्या हातात होत्या, आणि पडद्यामागून येणारा तो जुना, खरखरीत, अगदी स्थिर आवाज लेओंसचा होता. दिव्याला हातांची गरज नव्हती, तो खिळ्याला टांगला होता. गाण्याला हात लागतच नाहीत.

*धुते धुते नानोन बाई चांदण्याचा शेला,*
*पिळता पिळता हातातून उजेड वाहून गेला.*

नानोन वाकली. झगा पसरला. दोनशे ठिपके पाण्यावर थरथरले, आणि त्यांच्या वर एका बाजूला एकच मोठा, वेड्यावाकड्या कडांचा तारा उगवला. तो पडद्यावरून सरकत नदीत उतरला. पुढच्या रांगेतलं कुणीतरी नकळत "आ" म्हणालं. लेओंस क्षणभर थांबला, आणि मग जे कालपर्यंत गाण्यात नव्हतं ते त्यानं गायलं:

*गेला गेला म्हणता म्हणता पदरी उगवून आला.*

प्रयोग चार मिनिटं लांबला. कुणी कुणावर ओरडलं नाही.

नंतर अंगणात मादाम केर्ब्रांनी पाणी मागितलं, ते सावकाश पिऊन संपवलं आणि झोळीतून डायरी काढली. फेब्रुवारीत तुम्ही कुठं असता, असं विचारलं. एल्वीर म्हणाली, कुठंच नाही. मार्चमध्ये? तेव्हाही कुठंच नाही. मादाम केर्ब्रांनी दोन्ही पानांवर काहीतरी लिहिलं. जाता जाता वळल्या.

"तो तारा," त्या म्हणाल्या. "तो प्रत्येक प्रयोगात असतो?"

एल्वीरनं गास्पारकडे पाहिलं. तो चिनाराच्या खोडाकडे निरखून बघत होता.

"आजपासून," ती म्हणाली.

त्या गेल्यावर लेओंस पेटी घेऊन बसला. ओनोरीननं चार स्क्रूंची बशी त्याच्यापुढं सरकवली. एल्वीरनं झाकण धरलं, त्यानं पहिला स्क्रू लावला, आणि तो तसाच गरगर फिरत राहिला. लाकडातलं भोक मोठं झालं होतं.

"कागदाचा बोळा लागेल आत," लेओंस म्हणाला. "म्हणजे धरेल. आहे का एखादा कागद? पातळ नको."

एल्वीरनं पिशवीत हात घातला आणि चष्म्याचं चित्र असलेलं पत्र बाहेर काढलं. कडेनं त्याची एक पट्टी फाडली, मग आणखी तीन, आणि एकेक बोटांत वळून बापापुढं ठेवली.

"हा चालेल?"

लेओंसनं एक बोळा भोकात दाबून पाहिला.

"जाड आहे," तो म्हणाला. "पक्का बसेल."